रायफलवर लाइट लावायचाय? मग आधी एक हातातली बॅटरी घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ह्यूस्टनपासून दीड तासावर पाच एकर जागा घेतली आहे, ग्रीन कार्ड आहे, सोळा इंची बॅरलची एआर-१५ नुकतीच घेतली. रात्री रानडुकरं येऊन भाजीचे वाफे उकरतात. घर एकाकी आहे, म्हणून रायफल घरासाठीही हवी. बायको डावखुरी, आणि तीही ती हाताळणार. दोन लाइट बघून ठेवलेत: एक चाळीस डॉलरचा, त्यावर २००० लुमेन लिहिलंय, दुसरा तीनशेचा, त्यावर १०००. कोणता घ्यावा आणि कुठल्या बाजूला बसवावा?

मी टेक्सासमध्ये बावीस वर्षं आहे. त्यातली बारा वर्षं शनिवार-रविवार रेंजवर नवशिक्यांना शिकवण्यात गेली. रात्रीचा वर्ग वर्षातून तीन-चारदा घेतो. त्या अनुभवावरून सांगतो, तुमचा खरा प्रश्न वेगळा आहे. अंधारात समोर जे हललं ते काय आहे, हे गोळी सुटण्याआधी तुम्हाला खात्रीनं कसं कळणार, हा तो प्रश्न. लाइट त्यासाठी असतो. लुमेन, माउंट (लाइट रायफलवर बसवायची पकड), स्विच हे सगळं त्याच्या मागून येतं.

म्हणून पहिली खरेदी रायफलवरच्या लाइटची करू नका. हातात धरायची एक चांगली बॅटरी घ्या. रायफलवरचा लाइट जिकडे बघतो तिकडे रायफलची नळी बघते. गेल्या वर्षीच्या एका वर्गात एका विद्यार्थ्याची मॅगझिन गवतात पडली. शहाणा, सावध माणूस. त्यानं काय केलं, तर रायफलवरचा लाइट लावला आणि वाकून गवतात शोधू लागला. पांढरा झोत गवतावरून सरकत शेजारच्याच्या बुटांवर गेला, तिथून गुडघ्यावर. झोताच्या मधोमध, जिथे उजेड सगळ्यात प्रखर असतो, तिथेच नळी रोखलेली. मी 'थांब' म्हणून ओरडलो. रायफल रिकामी होती, बोट ट्रिगरपासून लांब होतं, काही झालं नाही. पण त्याच्या लक्षातच आलं नव्हतं की तो बंदूक रोखून मॅगझिन शोधतोय. घरातही हेच होतं. खुडबूड ऐकू आली, उठलात, रायफलच्या उजेडात मुलांच्या खोलीचं दार बघितलंत, की नळी मुलांच्या खोलीवर. बघायचं काम हातातल्या बॅटरीनं करायचं. रायफलवरचा लाइट, नळी रोखणं योग्यच आहे असं आधी ठरल्यावर.

आमच्या कुडाळकडच्या घरी आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. तिच्या नळीखाली तीन सेलची बॅटरी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळून बांधलेली असायची. मांगरावर राखणीला जाताना मात्र त्यांच्या कमरेला दुसरी बॅटरी असे. पायवाट, जनावर, पाण्याचा पाट, सगळं त्या दुसऱ्या बॅटरीनं बघायचे. बंदुकीवरची मी फार थोड्या वेळा पेटलेली पाहिली. तेव्हा लहान होतो, दोन बॅटऱ्या कशाला हे कळायचं नाही. आज मी विद्यार्थ्यांना नेमकं तेच शिकवतो.

आता तुमच्या परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते बघू. पाच एकर जागा साधारण चौकोनी असेल तर एक बाजू १४० मीटरच्या आसपास भरते. म्हणजे तुमच्या हद्दीत कुठलंही अंतर फार मोठं नाही, आणि रायफलची गोळी ती हद्द केव्हाच ओलांडून जाईल. टेक्सासमध्ये शिकार करताना गोळी दुसऱ्याच्या जमिनीवर जाणं हा गुन्हा आहे. शिवाय तुमची जागा एखाद्या सबडिव्हिजनमधली (प्लॉट पाडून वसवलेल्या वस्तीतली) असेल, तर दहा एकर किंवा त्याहून लहान प्लॉटवर बंदूक चालवायला काउंटी बंदी घालू शकते. लाइट मागवण्याआधी काउंटीच्या कार्यालयात फोन करून हे विचारून घ्या. माझं प्रामाणिक मत विचाराल तर पाच एकरांत डुकरांसाठी वाफ्यांभोवती विजेच्या तारेचं कुंपण आणि सापळा हेच बरे. रायफल घरासाठी ठेवा. डुकरांवर ती चालवायचीच असेल, तर मागे मातीचा बांध किंवा चढ असलेली एकच दिशा ठरवून घ्या.

व्हिसाचा मुद्दा तुमच्यासाठी नाही, पण 'एच-१बीवरचा मित्रही सोबत येईल' असं तुम्ही लिहिलंय म्हणून सांगतो. बिगर-स्थलांतरित व्हिसावरच्या माणसाला अमेरिकेचा केंद्रीय कायदा बंदूक बाळगू देत नाही. त्याला जे मोजके अपवाद आहेत त्यांतला एक म्हणजे वैध शिकार परवाना. इथे आपली माणसं फसतात. टेक्सासनं २०१९ पासून खासगी जमिनीवर, मालकाच्या परवानगीनं रानडुकरं मारायला शिकार परवान्याची अट काढून टाकली. त्यामुळे मित्राला वाटतं, परवाना लागत नाही, कशाला काढा? डुकरांसाठी लागत नसेल, पण रायफल हातात धरण्यासाठी त्याला तोच लागतो. वकिलाला विचारल्याशिवाय त्याच्या हातात रायफल देऊ नका, एक गोळी झाडायलासुद्धा नाही.

आता लुमेन. लुमेन म्हणजे लाइटमधून एकूण किती उजेड बाहेर पडतो. तो उजेड किती एकवटून पुढे जातो, हे सांगतो कँडेलाचा आकडा. चांगल्या कंपन्या दोन्ही छापतात. स्वस्त लाइटवर बहुधा लुमेनच मोठ्या अक्षरात असतात. हिशेब साधा आहे. कँडेलाला मीटरमधल्या अंतराच्या वर्गानं भागलं की त्या अंतरावर किती लक्स उजेड पडतो ते कळतं. समजा तुमच्या २००० लुमेनवाल्याची कँडेला १०,००० आहे आणि १००० लुमेनवाल्याची ४०,०००. शंभर मीटरवर पहिला १ लक्स देतो, दुसरा ४. निम्मे लुमेन, पण डुकरावर पडणारा उजेड चौपट. पहिल्याचा उरलेला उजेड तुमच्या पायांपुढच्या गवतावर आणि धुक्यावर सांडतो आणि तुमचेच डोळे दिपवतो.

खोक्यावर 'पल्ला ४०० मीटर' असंही लिहिलेलं असतं. ते खोटं नसतं, पण त्याचा अर्थ माहीत हवा. प्रमाणित मोजणीत पल्ला म्हणजे जिथे उजेड पाव लक्सवर येतो ते अंतर. पाव लक्स म्हणजे साधारण पौर्णिमेचं चांदणं. चांदण्यात काहीतरी उभं आहे हे कळतं, पण ते डुक्कर आहे, वासरू आहे की वाकलेला माणूस, हे सांगता येत नाही. मी खोक्यावरच्या पल्ल्याला चारनं भागतो. ४०० मीटर लिहिलं असेल तर १०० मीटरवर ४ लक्स मिळतात आणि माझ्या डोळ्यांना तेवढ्यात प्राणी ओळखू येतो. तुमच्या जागेला एवढा लाइट पुरेसा आहे. त्याहून जास्त कँडेलाच्या मागे लागलात तर झोत चिंचोळा होतो आणि घरातल्या बोळात कोपरे अंधारात राहतात. शेत आणि घर दोन्हींसाठी एकच लाइट हवा असल्यानं १००० लुमेनच्या आसपास आणि ३० ते ५० हजार कँडेला, हा मधला पट्टा मी सुचवेन.

ओळखण्याबद्दल एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. हरीण, गाय, कुत्रा, मांजर यांच्या डोळ्यांत पडद्यामागे उजेड परतवणारा एक थर असतो, म्हणून झोतात त्यांचे डोळे लखलखतात. डुकराच्या डोळ्यात तो थर नसतो. तेव्हा झोतात डोळे लख्ख चमकले, तर समोर बहुधा डुक्कर नाही. थांबा. पण उलटं गृहीत धरू नका, कारण माणसाच्या डोळ्यातही तो थर नसतो. तीन वर्षांपूर्वी एका स्नेह्याच्या रँचवर थर्मल (उष्णता दाखवणाऱ्या) दुर्बिणीत मला फीडरपाशी (जनावरांना मका टाकणाऱ्या डब्यापाशी) एक बुटका, जाड, डोकं खाली घातलेला आकार दिसला. आकारावरून डुक्करच. हातातली बॅटरी लावली तर दोन हिरवे दिवे पेटले आणि त्यांच्याखाली गळ्यातला चमकता पट्टा. शेजारच्या रँचवरचा कुत्रा होता, पडलेला मका हुंगत होता. थर्मलवर विसंबलो असतो तर काय झालं असतं, हा विचार त्या रात्री बराच वेळ डोक्यातून गेला नाही. टेक्सासमध्ये हरणाची शिकार रात्री बेकायदा आहे, तेव्हा ओळख चुकली तर कायद्याचाही प्रश्न उभा राहतो.

चाळीस डॉलरच्या लाइटबद्दल माझा आक्षेप उजेडाचा कमी आणि धक्क्याचा जास्त आहे. प्रत्येक गोळीला रायफल मागे झटका देते, आतला सेल स्प्रिंगवर उसळतो आणि क्षणभर संपर्क तुटतो. स्वस्त लाइटमध्ये प्रखर, मंद, लुकलुकणारा असे प्रकार एकाच बटणावर असतात. संपर्क तुटला की लाइटला वाटतं बटण दाबलं, आणि तो पुढच्या प्रकारावर जातो. मी स्वतः असा एक घेतला होता. रेंजवर तिसऱ्या गोळीला तो मंद झाला, पाचवीला लुकलुकायला लागला. रायफलसाठीच बनवलेला, एकाच प्रखरतेचा लाइट घ्या. शुअरफायर, स्ट्रीमलाइट, मॉडलाइट यांचे मी आणि माझे विद्यार्थी वापरतो. तीनशे डॉलरच हवेत असं नाही, दीडशेच्या आसपासही कामाचा लाइट मिळतो. उरलेल्या पैशांत हातातली बॅटरी बसते.

सेल दोन तऱ्हेचे. सीआर१२३ए हे फेकून द्यायचे लिथियम सेल न वापरता साधारण दहा वर्षं टिकतात. १८६५० हा चार्ज करायचा. १८ मिलिमीटर जाडी आणि ६५ मिलिमीटर लांबी, म्हणून ते नाव. दोन्ही चालतील असा लाइट घ्या, रोज १८६५० वापरा आणि सीआर१२३एची एक जोडी जवळ ठेवा. एक जुना आणि एक नवा सीआर१२३ए एकत्र कधीही घालू नका. दमलेल्या सेलवर ताण येऊन तो फुटू शकतो. आणि टेक्सासच्या उन्हाळ्यात बंद ट्रकमध्ये १८६५० ठेवू नका, त्याचं आयुष्य तिथेच संपतं.

आता जागा. मागून बघताना नळीभोवती घड्याळ आहे असं समजा, वर बारा, उजवीकडे तीन. उजव्या हाताच्या माणसाचा डावा हात पुढे असतो आणि अंगठा अकराच्या आसपास पडतो, म्हणून त्याच्यासाठी लाइट अकराला. तुमच्या पत्नीचा पुढचा हात उजवा, तिचा अंगठा एकला पडेल. एकाच रायफलवर दोघांचं जमवायचं तर लाइट एका बाजूला आणि त्याची टेपस्विच (वायरनं जोडलेली, दाबायची पट्टी) बरोबर बाराला, हँडगार्डच्या (नळीभोवतीच्या, हातानं धरायच्या आवरणाच्या) माथ्यावर, जिथे दोघांचाही अंगठा पोचतो. टेपस्विचची वायर कधी ना कधी दगा देते, म्हणून लाइटच्या बुडाचं बटणही चालू राहील अशी दुहेरी टोपी घ्या. वायरचं वेटोळं लोंबतं ठेवू नका, झुडपात अडकतं. ती हँडगार्डलगत बांधून घ्या, बॅरल आणि तिच्यावरच्या गॅस ब्लॉकच्या (गोळीमागचा वायू वळवणाऱ्या भागाच्या) तापापासून दूर.

स्विच दाबून धरलं की उजेड, सोडलं की अंधार, अशी असावी. सुरुवातीला अशा स्विचवर हात बसेपर्यंत गोंधळ होतो, पण क्लिक करून चालू राहणारी स्विच घाबरलेल्या माणसाला बंद करणं सुचत नाही, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

लाइट शक्य तितका पुढे न्या. मागे राहिला तर झोतात बॅरलची सावली पडते आणि अकराला लावलेल्या लाइटची सावली खाली उजवीकडे, नेमकी पायऱ्यांवर आणि कोपऱ्यात येते. पण लेन्सची कड फ्लॅश हायडरच्या (नळीच्या तोंडावरच्या तुकड्याच्या) चिरांच्या मागेच ठेवा, पुढे गेली तर तप्त वायू तिच्यावर आदळतो. तरी काजळी बसतेच. रेंजवर जाण्याआधी लेन्सवर लिप बामचा पातळ हात फिरवा, घरी आल्यावर फडक्यानं पुसा, काजळी त्याच्यासोबत निघते.

बसवताना पहिलं काम: मॅगझिन काढा, बोल्ट मागे अडकवा, चेंबर (गोळी बसते ती जागा) डोळ्यांनी बघा, करंगळी घालून चाचपा आणि गोळ्या दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवा. मग तुमच्या हँडगार्डवर काय आहे ते बघा. दातेरी पट्टी असेल तर ती पिकॅटिनी रेल, लांबट खाचा असतील तर बहुधा एम-लॉक. माउंट त्याच पद्धतीचं घ्या, मध्ये अडॅप्टर नको. जितके जोड तितके ढिले होण्याच्या जागा. पिकॅटिनीवर माउंट खाचेत बसवल्यावर नळीच्या दिशेनं पुढे ढकलून मगच स्क्रू आवळा, कारण झटक्यात तो पुढेच सरकायला बघतो. एम-लॉकमध्ये स्क्रूमागची लहान चकती नव्वद अंशांत फिरून खाचेच्या आडवी बसायला हवी. वरून सगळं घट्ट वाटतं आणि चकती अर्धीच फिरलेली असते, असं फार वेळा होतं. हँडगार्डच्या आत डोकावून दोन्ही चकत्या आडव्या आहेत का ते बघा.

स्क्रूवरचं तेल स्पिरिटनं पुसा, निळ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू ढिला होऊ न देणाऱ्या द्रवाचा) एक थेंब लावा, टॉर्क रेंचनं माउंटच्या कागदावर दिलंय तेवढंच आवळा आणि रात्रभर सुकू द्या. प्लॅस्टिकवर थ्रेडलॉकर लावू नका, चिरा पडतात. मग पांढऱ्या पेंट पेननं स्क्रूच्या डोक्यावरून माउंटवर जाणारी एक सरळ रेघ ओढा. पन्नास-साठ गोळ्यांनंतर ती रेघ बघा. स्क्रूवरचा तुकडा आणि माउंटवरचा तुकडा अजून एका ओळीत असतील तर काही सरकलेलं नाही. केसाएवढी फारकत दिसली तरी काढून पुन्हा बसवा. त्याच दिवशी झीरोही (नेम धरला तिथेच गोळी लागते का, हे) तपासा. हँडगार्ड बॅरलला टेकलेला असेल, तर लाइटच्या वजनानं गोळी लागण्याची जागा बदलू शकते.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: हातातली बॅटरी आधी, काउंटीत चौकशी आधी, मग १००० लुमेनच्या आसपासचा आणि ३० ते ५० हजार कँडेलाचा लाइट, अकरा किंवा एकला, जमेल तेवढा पुढे, स्विच बाराला.

घरातल्या वापराचं एक राहिलं. इथल्या घरांच्या आतल्या भिंती लाकडी चौकटीवरच्या ड्रायवॉलच्या. गोळी त्यातून आरपार जाते. तेव्हा मुलांच्या खोल्या कुठे आहेत ते आधीच ठरवा आणि रायफल हातात घेऊन उभं राहायची एकच जागा निवडा, जिथून नळीसमोर मुलं येणार नाहीत. रायफल उचललीच तर नळी खाली, जमिनीकडे ठेवून लाइट लावून बघा. पांढऱ्या भिंतींवरून परतलेल्या उजेडात खोली उजळते आणि दारातल्या माणसाचा चेहरा आणि हात दोन्ही दिसतात, नळी त्याच्यावर न नेता. हे रिकाम्या रायफलनं, पत्नीसह, दिवे मालवून करून बघा. सराव झाला की रायफल पुन्हा कुलपात, लाइट तिच्यावर बसवलेलाच असू द्या.

तुमच्या फ्रिजवर कालनिर्णय असेलच. दर अमावास्येला सेल तपासायचे आणि हातातली बॅटरी घेऊन कुंपणापर्यंत जाऊन यायचं, असं मी ठरवून टाकलंय. पौर्णिमेच्या आसपास लाइट किती पोचतो याचा अंदाज चुकतो. तुम्ही या अमावास्येला रायफल घरातच ठेवा. पत्नीला कुंपणापाशी एक बादली, एक पोतं आणि एक खुर्ची तुम्हाला न सांगता मांडून ठेवायला सांगा. ती घरात परत आली की तुम्ही ओट्यावरून बॅटरी मारून ओळखा कुठे काय आहे. मग अदलाबदल करा. किती अंतरावर ओळख चुकायला लागली ते, आणि हँडगार्डचा बाजूनं काढलेला एक फोटो मला पाठवा. त्यावरून कोणतं माउंट घ्यायचं ते नेमकं सांगता येईल.